वहीतली ठिकाणाची ओळ

अण्णा, तू केरळला कधीच गेला नव्हतास.

हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं आणि माझ्या बायकोला माहीत होतं. बाकी गावाला, भावकीला, दुकानातल्या गिऱ्हाइकांना आणि देवळ्याच्या व्याह्यांना मी सांगितलं, की आमचे थोरले बंधू केरळ बघायला गेलेत. तू थायलंडला गेला होतास. खोटं मी बोललो आणि सांभाळायला तुला लावलं. तुला अग्नी देऊन आज एकोणीस दिवस झाले. तुझ्याबद्दल लिहून द्या म्हणून तुझ्या शाळेतले लोक त्यांच्या अंकासाठी मागे लागलेत. तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तुला मिळालेले सत्कार हे सगळं ते स्वतःच लिहिणार आहेत. माझ्याकडे लिहिण्यासारखं एवढंच आहे.

पंचवटीतल्या माझ्या ठिबकच्या दुकानात तू आलास तो दिवस मला आठवतो. हातात नवा कोरा पासपोर्ट होता. चौसष्टाव्या वर्षी माणूस पहिला पासपोर्ट दाखवतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पहिलीच्या पोराचा पाटी दाखवतानाचा आनंद असतो. तू म्हणालास, "संदीप बोलावतोय. या म्हणतो सर, सगळी व्यवस्था करतो." संदीप तुझा जुना विद्यार्थी, तिकडे अननस डबाबंद करण्याच्या कारखान्यात इंजिनिअर. समुद्रकाठच्या त्या प्रांताचं नाव तू दोनदा नीट उच्चारून दाखवलंस. प्रचुआप खिरी खान. "तिथं एक माकड आहे दिनू, डोळ्यांभोवती चष्मा लावल्यासारखं पांढरं वर्तुळ असतं त्याच्या. ते बघायचंय."

काउंटरपाशी लासलगावकडचं एक ओळखीचं गिऱ्हाईक पाइपची गुंडाळी निवडत उभं होतं. ते न राहवून म्हणालं, "माकडं बघाया थायलंड? सर, लोकं तिकडं दुसरंच काय काय बघाया जात्यात."

माझा दुकानातला नोकर हसला. गिऱ्हाईक आणखी चढलं. "एकटंच का? मज्जा हाय बुवा सरांची."

तूही हसलास. "मज्जा तर आहेच," म्हणालास आणि पासपोर्ट खिशात ठेवलास. तुला त्यात काही लागलं नाही, कारण तुझ्या डोक्यात माकडंच होती. माझे मात्र कान तापले. वहिनीला जाऊन पाच वर्षं झाली होती, तुम्हाला मूलबाळ नाही, तू गावी एकटा राहतोस, आणि नेमकं माझ्या मुलीच्या, पल्लवीच्या स्थळाचं देवळ्याला बोलणं सुरू झालं होतं. ते घर माळकरी, शब्दाला जपणारं, चार गावांत मान असलेलं. मुलीचा चुलता एकटाच थायलंडला गेला असं त्यांच्या कानावर गेलं तर काय, एवढा एकच विचार मी पुढचा महिनाभर करत होतो. तू कसा माणूस आहेस हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही मी भीत होतो ते तुझ्यामुळे नाही, लोकांच्या हसण्यामुळे. हेच मला आता सहन होत नाही.

तू तिकडे पोचलास आणि दोन दिवसांनी ती मंडळी आमच्याकडे पल्लवीला बघायला आली. पोहे झाले, चहा झाला. व्याह्यांनी साधेपणानं विचारलं, "तुमचे थोरले बंधू दिसत नाहीत?"

"केरळला गेलेत," मी म्हणालो. विचार करून नाही. तोंडातून निघून गेलं. ज्यांनी दुकानात ऐकलं होतं त्यांना नंतर सांगितलं, की थायलंडचं बारगळलं.

पाहुणे गेल्यावर मी तुला फोन केला. मागे समुद्राचा आवाज येत होता. मी म्हणालो, "अण्णा, आल्यावर कुणी विचारलं तर केरळ सांगायचं. पल्लवीचं जमत आलंय."

  तू म्हणालास, "दिनू, इथं आत्ता एक अख्खं झाड माकडांनी भरलंय."

"अण्णा, मी काय म्हणालो ते ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग?"

"मी काही सांगणार नाही. पण केरळ म्हणणार नाही."

तेव्हा मला ते पुरेसं वाटलं. काम झालं, असंच वाटलं.

तू केरळ का म्हणणार नाहीस हे मला विचारायची गरज नव्हती. मी नऊ वर्षांचा असताना तू मला पहिली वही दिलीस. तू तेव्हा नुकताच नोकरीला लागला होतास. पुढे शाळेतल्या किती पोरांना रविवारी धरणाच्या फुगवट्यावर पाखरं दाखवायला नेलंस, पण त्या रविवारच्या शाळेचा पहिला विद्यार्थी मी. चार ओळी आखून दिल्यास. ठिकाण, वेळ, हवा, काय पाहिलं. मला आपल्या विहिरीवर खंड्या दिसला होता, निळा झळझळीत, तोंडात मासोळी धरलेला. मी वहीत लिहिलं, ठिकाण: धरण. कारण मोठी पाखरं धरणावर दिसतात आणि मलाही मोठं काहीतरी दिसावं असं वाटत होतं. तू एका दृष्टीत ओळखलंस. रागावला नाहीस. रबर दिलंस आणि म्हणालास, "विहिरीवरचा खंड्या विहिरीवरच राहू दे. तो काय कमी आहे? ठिकाण चुकलं की बाकी सगळी गोष्ट होते, नोंद राहत नाही."

तू परत आल्यावर पहिल्या रविवारी मला फुगवट्यावर बोलावलंस. बांधावर बाभळीच्या सावलीत बसलो आपण. पुढ्यात उकडलेल्या शेंगांची पिशवी होती. समोर पाण्यात रंगीत करकोचे उभे होते आणि तू म्हणालास, "हे तिथंही होते. मला बघून ओळख दाखवली नाही, पण होते." आणि मग तू तीन तास बोललास. आता कळतं, की ज्यानं तुझं तोंड बांधलं त्याच्याच कानात तुला सगळं ओतावं लागलं, कारण दुसरा कान मी तुला ठेवलाच नव्हता. पण त्या दिवशी मी तेही विसरलो. तू बोलत होतास आणि मी शेंगा सोलायचा थांबलो होतो.

लिंबू-खाडी असं नाव असलेल्या एका उपसागराकाठी डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी विमानदळाचा तळ आहे, म्हणालास. धावपट्टी ओलांडून जावं लागतं. दोन्हीकडे बघायचं, विमान येत नाहीये ना, आणि पलीकडे जायचं, आपण फाटक ओलांडतो तसं. आणि त्या तळाच्या आतल्या झाडांवर ती माकडं. राखाडी अंग, लांब शेपूट, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं. "मला वाटलं आपला शाळेचा स्टाफच बसलाय दिनू. मुख्याध्यापक वरच्या फांदीवर, बाकीचे खाली. आणि सगळे माझ्याकडे असे बघतायत, की ह्यानं अजून वह्या तपासलेल्या नाहीत." मी हसलो. मग तुझा आवाज खाली आला. "पण पिल्लू केशरी असतं रे. करड्या आईच्या पोटाला झेंडूचं फूल चिकटलंय असं वाटतं. मी विचारलं का केशरी, तर नक्की कुणालाच माहीत नाही. काहींचं म्हणणं, कळपातल्या सगळ्या बायांना ते झटकन दिसावं म्हणून. कारण एकटी आई नाही सांभाळत, सगळ्या सांभाळतात." तू पाण्याकडे बघत राहिलास. तुझ्या आणि वहिनीच्या घरात कितीतरी दुसऱ्यांची पोरं वाढली, मीही त्यातलाच, हे तेव्हा माझ्या मनात आलं. 

खारफुटीच्या जंगलातून फळ्यांची वाट आहे, ओहोटीला खाली नुसता चिखल. त्या चिखलात एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती नांगी वरखाली करत उभे असतात, बस थांबवायला हात केल्यासारखे. आणि एक मासा झाडाच्या मुळावर चढून बसलेला. "चढून, दिनू. पाणी लांब राहिलंय आणि हा मुळावर बसून माझ्याकडे बघतोय. डोळे वर, डोक्यावर. बत्तीस वर्षं मी फळ्यावर लिहिलं, मासे पाण्यात राहतात. पोरांनी तेच लिहिलं की बरोबरची खूण केली. किती पोरांना चुकीचं शिकवलं रे मी." आणि तू हसायला लागलास. हसता हसता तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद आपण चूक निघाल्याचा, मी कुणाला झालेला पाहिलेला नाही.

मग गुहा. त्या भागाला नावच तीनशे शिखरं असं आहे. समुद्रातून आणि दलदलीतून चुनखडीचे डोंगर सरळ उभे राहिलेत. त्यातल्या एकात, दगडधोंड्यांवरून चढून जायचं. तुझे गुडघे मला माहीत होते, म्हणून मी विचारलं, कसा चढलास? म्हणालास, "बसत, उठत. शेवटी तर मी हातांनी चढत होतो." आत गेल्यावर गुहेचं छत कोसळलेलं आहे आणि त्या भोकातून आकाश दिसतं. खाली पडलेल्या मातीत झाडं उगवलीत, गुहेच्या पोटात, सरळ उजेडाकडे वाढलेली. आणि मध्ये कुण्या राजानं बांधलेला एक छोटा मंडप. "आपण आपल्याकडच्या लेण्यांत जातो तेव्हा अंधारात थांबतो, डोळे सरावायची वाट बघतो. तिथं उलटं आहे. तिथं ऊन आत येतं. साडेदहाच्या सुमाराला छताच्या कडेवरून खाली सरकतं, आधी झाडांच्या शेंड्यांवर, मग मंडपाच्या कळसावर, मग पायऱ्यांवर. तीसएक माणसं होती तिथं, वेगवेगळ्या देशांची. ऊन पायऱ्यांवर आलं आणि कुणी बोलेना. लहान पोरंसुद्धा." मग म्हणालास, "तुझी वहिनी असती तर म्हणाली असती, बसा आता घटकाभर, लगेच उतरायची घाई नको. म्हणून बसलो."

मला आठवतं, मी तुझ्या हातावर हात ठेवला. तेवढंच.

सगळ्यात शेवटी तू हत्तींचं सांगितलंस. ते तू राखून ठेवलं होतंस.

कुई बुरीचं जंगल. दुपारी तीननंतर उघड्या गाडीतून नेतात, बरोबर तिथल्याच गावातला माणूस असतो. तुझ्याबरोबर एक म्हातारा शेतकरी होता. त्याचं अननसाचं शेत जंगलाला लागून. हत्ती यायचे, खायचे, तुडवायचे. एके काळी लोकांनी हत्ती मारलेसुद्धा. मग जंगलात गवताची कुरणं राखली, पाणवठे केले आणि त्याच शेतकऱ्यांना हत्ती दाखवायचं काम दिलं. "तो गाडीत कुजबुजत बोलायचा, देवळात आल्यासारखा. मग त्यानं हात वर केला. मला आधी गवतच दिसलं. मग गवताच्या कडेनं डोंगराचा एक तुकडा हलला. एक, दोन, असे मोजत गेलो तो अठरा. मध्ये पिल्लू, आईच्या चार पायांच्या खोलीत चालणारं. आवाज नाही दिनू. एवढी मोठी शरीरं आणि पावलांचा आवाज नाही. गवत उपटल्याचा तेवढा येत होता. त्यांच्या पलीकडे गव्यांचा कळप चरत होता, आणि दोघांना एकमेकांचं काही नाही. मला वाटलं, जगात आधी हे होतं. आपण नंतर आलो, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे, आणि पहिल्या पंक्तीला बसलो."

मग तू त्या म्हाताऱ्याला संदीपकरवी विचारलंस, अजून येतात का हत्ती तुमच्या शेतात?

येतात, तो म्हणाला.

मग नुकसान?

होतं.

मग?

"तर तो म्हणाला, होतं नुकसान. पण आता मला ते ओळखू येतात. कान फाटलेली म्हातारी कोण, खोडकर कोण, कुणाला पिल्लू झालंय. ओळख झाल्यावर हातात दगड येत नाही." तू शेंगांची टरफलं गोळा करत होतास. "हे मला आपल्या गावाला सांगायचंय. बिबट्याचा विषय निघेल तेव्हा."

तेव्हा मी म्हणालो, "सांग की. हत्ती केरळातही असतात. अननसही असतात."

तू माझ्याकडे पाहिलंस. "विहिरीवरचा खंड्या, दिनू," एवढंच म्हणालास आणि उठलास.

बिबट्यावरून आपलं भांडण आधीपासूनचं. तुझं म्हणणं, आपल्याकडचा बिबट्या उसातच जन्मतो, उसालाच जंगल समजतो, त्याला हाकलून कुठे पाठवणार? माझं म्हणणं, माझा कुत्रा नेला त्यानं, उद्या पोर नेईल. ऊसतोडीत पिल्लं सापडली की तू दिवसभर फडाच्या कडेला बसायचास, कुणी त्यांच्याजवळ जाऊ नये, फोटो काढू नयेत, आई येऊन घेऊन जाईल म्हणून. मी तुला म्हणायचो, "अण्णा, तू बिबट्याचा वकील झालायस." तू म्हणायचास, "फी कोंबडीत घेतो." भीती माझी खोटी नव्हती. तुलाही ती खोटी वाटत नव्हती. आपलं भांडण म्हणून तर टिकलं.

त्या वर्षी मारुतीच्या पारावर सभा भरली. सुपारी फुटून लग्नाची तारीख धरली होती. पाच गावांचे लोक होते, देवळ्याकडचे दोघे पाहुणेही कुणाकडे तरी आलेले, तिथं येऊन बसले होते. बिबट्यासाठी वनखात्याकडे पिंजरा मागायचा की नाही एवढाच प्रश्न होता. लोक तापले होते. तू उठलास. तुझा मान होता, सगळे गप्प झाले. तू म्हणालास, "मी एके ठिकाणी पाहिलं. तिथले शेतकरी आपल्यासारखेच..."

गावातल्या वडीलधाऱ्या सदूतात्यांनी विचारलं, "कुठं, सर?"

त्यांच्या विचारण्यात खोच नव्हती. त्यांना खरंच ऐकायचं होतं. तू गर्दीत मला शोधलंस. मी देवळ्याच्या पाहुण्यांच्या शेजारीच बसलो होतो. मी मान खाली घातली.

तू म्हणालास, "राहू द्या," आणि खाली बसलास.

बत्तीस वर्षं वर्गासमोर उभा राहिलेला माणूस वाक्य अर्धं सोडून खाली बसला. पिंजऱ्याचा ठराव झाला. पंधरा दिवसांत मादी सापडली, गाडीतून नेली. लोकांनी नारळ फोडला, मीही हजर होतो. तू त्यानंतर आठ दिवस रोज दुपारी माझ्या उसाच्या बांधावर येऊन बसायचास. मी विचारलं, काय बघतोस? तू ओल्या मातीतले ठसे दाखवलेस, दोन पिल्लांचे, इवलेसे, एकमेकांच्या मागे. नवव्या दिवशी तू आला नाहीस. ठसे दिसायचे थांबले होते. तू मला एका शब्दानं काही म्हणाला नाहीस, आणि मी कधी विचारलं नाही. पल्लवीच्या लग्नात तू पाहुण्यांना पान लावून देत होतास, हसत होतास. मी तुझ्यापासून लांब लांब राहत होतो.

लग्न झालं, वर्ष गेलं. आता भीतीचं कारण उरलं नव्हतं. सांगायला मला कितीतरी दिवस होते. पण खोटं जुनं झालं की ते घरातल्या सामानासारखं होतं, तिथं आहे हे दिसेनासं होतं. तुला मात्र रोज दिसत असणार.

तुला पोचवून आलो त्या दिवशी व्याही माझ्याशेजारी ओट्यावर बसले. डोळे पुसून म्हणाले, "एक रुखरुख राहिली. मला ते केरळचं ऐकायचं होतं सरांकडून. दोनदा विचारलं मी त्यांना. नुसते हसले. तिसऱ्यांदा विचारायचा संकोच वाटला. मला वाटलं, वहिनींची काही आठवण असेल तिथली."

मी ज्यांच्या भीतीनं तुझं तोंड बंद केलं, ते तुझं ऐकायला दोन वर्षं थांबले होते.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या वह्या काढल्या. पत्र्याच्या पेटीत वर्षवार लावलेल्या. कुठलीही उघडावी, चार ओळी: ठिकाण, वेळ, हवा, काय पाहिलं. दवाखान्याच्या खिडकीतून दिसलेल्या घारीचीही नोंद, ठिकाण: दवाखाना, दुसरा मजला. मग ती वही सापडली. बारा दिवस, सत्तावीस नोंदी. केशरी पिल्लाचं छोटं चित्र, गुहेत ऊन कुठून कुठे सरकलं त्याचा आराखडा, मुळावर बसलेला मासा आणि त्याखाली लिहिलेलं, "मी चुकलो होतो. फार बरं वाटलं." वेळ लिहिलेली. हवा लिहिलेली. आणि सत्तावीसच्या सत्तावीस नोंदींत ठिकाणाच्या पुढची जागा कोरी. खोटं लिहिणं तुला जमलं नाही आणि खरं लिहिलं तर कुणी वही उघडल्यावर मी उघडा पडलो असतो. स्वतःच्या वहीतसुद्धा तू मला सांभाळून घेतलंस, अण्णा.

मी पेन घेतलं आणि एक एक ओळ भरत गेलो. नावं मी त्या रविवारी ऐकली होती, ती माझ्या लक्षात होती. नसलेली संदीपला फोन करून विचारली. तो रडत होता आणि नावं सांगत होता.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर सगळे जमले होते. विधीला मी बसलो, डोकं भादरून. पिंड ठेवला आणि मी हात जोडायच्या आत कावळा आला. कुणाला काही कबूल करायला लागलं नाही, कुणी तुझं काय राहिलं म्हणून विचारलं नाही. लोक म्हणाले, सरांचा जीव कशात अडकला नव्हता. खरं होतं ते. अडकला होता तो माझा, आणि त्याला शिवायला कावळा येत नाही.

मग श्रद्धांजलीची भाषणं झाली. सरपंच बोलले, मुख्याध्यापक बोलले, तुझे दोन विद्यार्थी बोलले. आणखी कुणाला बोलायचंय का, असं विचारल्यावर मी उठलो. विधीला बसलेल्या माणसानं बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. भटजींनी माझं उपरणं ओढलं. बायको म्हणाली, "बोलू द्या त्यांना." नंतर काय झालं ते आधी सांगून टाकतो. व्याही माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "दिनकरराव, मला सांगितलं असतं तर मी त्यांना म्हटलं असतं, पुढच्या खेपेला मलाही न्या." दुकानातलं ते गिऱ्हाईकही आलं होतं. ते वही हातात घेऊन केशरी पिल्लाचं चित्र बराच वेळ बघत राहिलं. बिबट्याचं काय करायचं हे काही त्या दिवशी ठरलं नाही. पण सदूतात्या म्हणाले, पुढच्या सभेला ही वही आणा.

माईक माझ्या हातात आला. मी वही उघडली आणि हत्तींची नोंद काढली. सदूतात्या पुढच्याच रांगेत बसले होते. त्यांच्याकडे बघून मी म्हणालो, "तात्या, पारावर तुम्ही अण्णांना विचारलं होतं, कुठं, सर. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय." आणि मी वाचलं. ठिकाण: कुई बुरी, प्रचुआप खिरी खान प्रांत, थायलंड. वेळ: दुपारी चार वाजून दहा मिनिटं. हवा: ढगाळ, वारा नाही. काय पाहिलं: हत्ती अठरा, त्यात पिल्लू एक. गवे मोजता आले नाहीत. बरोबरचा शेतकरी म्हणतो, ओळख झाल्यावर हातात दगड येत नाही.

 मी वही मिटली. लोक पिंडाकडे, नदीकडे तोंड करून क्षमा मागतात. मी लोकांकडे तोंड करून उभा राहिलो, कारण खोटं मी त्यांच्यासमोर बोललो होतो. तुझं नाव घेऊन म्हणालो:

"अण्णा, तू जिथं गेला होतास तिथंच गेला होतास. लोक हसतील म्हणून मी तुला तिथून हलवलं, आणि तू पाहिलेलं सगळं मुकं करून टाकलं. माझं चुकलं. मला माफ कर."